करण्यात आलं

कथ्रेलबाईंनी ‘बंद करण्यात आली’ या शब्दांखाली हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘कोणी?’ पुढच्याच ओळीत नऊ शिक्षिकांना ‘कमी करण्यात आलं’ होतं. तिथेही रेघ, तिथेही ‘कोणी?’ मग त्यांनी कागद बाकावर फिरवून समोरच्या मुलीकडे सरकवला.

“वाच.”

केझाया ब्रॉडनॅक्स वाचू लागली. शाळा सुटून वीस मिनिटं झाली होती. खिडकीबाहेर पिवळ्या बसगाड्या एकामागून एक निघून चालल्या होत्या आणि वर्गात फक्त हीटर खडखडत होता.

“सगळीकडे एकच शब्द आहे, बाई.”

“कारण सगळीकडे एकच चूक आहे. काच फुटली, असं घाबरलेलं पोर म्हणतं. काच अमक्याने फोडली, असं लिहिलं की त्याला इतिहास म्हणतात.”

हे वाक्य कथ्रेलबाई चोवीस-पंचवीस वर्षं म्हणत आल्या होत्या. पोरांनी त्यांचं नाव ‘मिस कोणी’ ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकदा मुख्याध्यापकांनी लाउडस्पीकरवरून ‘मुलांच्या संडासातला नळ मोडण्यात आला आहे’ अशी सूचना दिली, तेव्हा सगळा वर्ग एका सुरात ओरडला होता, ‘कोणी?’ बाई त्या दिवशी फळ्याकडे तोंड करून कितीतरी वेळ हसत राहिल्या होत्या.

निबंध तपासायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग एक सुधारणा. नुसती चूक दाखवली तर पोर मान खाली घालतं आणि नुसतं कौतुक केलं तर शेफारतं. केझायाच्या निबंधात चांगल्या गोष्टी शोधाव्या लागल्या नाहीत. ‘हॅरो क्रीक शाळेच्या नऊ शिक्षिका’ असं नाव तिने दिलं होतं. फेब्रुवारीत काउंटीची स्पर्धा असते, आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासावर. पहिला आलेला निबंध गावच्या साप्ताहिकात अख्खाच्या अख्खा छापतात. दर वर्षी पोरं तेच ते चार मोठे लोक पुस्तकातून उतरवून आणतात. या पोरीने आपल्याच रस्त्याच्या टोकाला पडलेली शाळा उचलली होती.

“वर्गातल्या शेगडीचं वर्णन फार चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. “कोळसा टाकायची पाळी कोणाची यावरून भांडणं व्हायची, ते वाचून मला तो धूर नाकात आला. आणि नऊच्या नऊ जणींची नावं, त्या चर्चमध्ये कोणत्या बाकावर बसायच्या त्यासकट दिलीस. ते कोणाला सुचलं नसतं. आता सुधारणा एकच. कर्ता दाखव. शाळा आपणहून बंद पडली नाही.”

“आजी म्हणते, सगळ्यांना ठाऊक आहे कोणी केलं ते.”

“सगळ्यांना ठाऊक असतं तेच कधी लिहून ठेवलं जात नाही. कोर्टातल्या कचेरीत शाळा मंडळाच्या सभांची जुनी बाडं आहेत. जा, माग.”

केझायाने कागदाचा कोपरा बोटाने दुमडला, परत सरळ केला. सतरा वर्षांची होती, उंच, फार बोलणारी नव्हती. बोलायची तेव्हा आजीसारखी थेट डोळ्यांत बघून बोलायची.

“आणि करणारा अजून जिवंत असला तर, बाई?”

“मग तर त्याचं नाव आधी.”

बाईंच्या डोळ्यांसमोर तेव्हा हॅस्केट होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा शिक्षणाधिकारी, आता अठ्ठ्याऐंशीचा. काउंटीच्या वृद्धाश्रमात गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेला असायचा. त्याचं नाव छापून आलं तर बाईंना वाईट वाटणार नव्हतं.

केझायाने दप्तरातून एक छापील फॉर्म काढला. राज्याच्या विद्यापीठात चार वर्षांचं शिक्षण फुकट मिळायचं होतं. त्याला इंग्रजीच्या शिक्षिकेचं शिफारसपत्र लागत होतं, पंधरा फेब्रुवारीच्या आत.

“लिहीन की,” बाई म्हणाल्या. “आधी निबंध नीट होऊन येऊ दे. त्यातलंच काहीतरी पत्रात घालीन.”

सहज बोलल्या. मुलीने मान हलवली आणि फॉर्म टेबलाच्या कडेला बाईंच्या बाजूला ठेवला.

दुसरा खर्डा दहा दिवसांनी आला. शनिवारी दुपारी बाईंनी शेगडीवर घेवड्याचं भांडं चढवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले आणि पेन्सिलीला टोक केलं. तिसऱ्या पानापर्यंत टोक तसंच राहिलं, कारण रेघ मारायला जागाच नव्हती. पोरीने सांगितलेलं शब्दशः केलं होतं. ‘सरकारने काळ्या-गोऱ्या मुलांना एका शाळेत बसवायचा हुकूम दिला. शिक्षणाधिकारी हॅस्केट यांनी तो पाळण्यासाठी काळ्यांची शाळा बंद केली. मंडळाच्या पाच सभासदांनी हात वर केले.’ पाचही नावं खाली होती. त्यातल्या एकाच्या नावाने आज गावातलं बेसबॉलचं मैदान आहे, हेही होतं. ‘त्यांनी मुलं नव्या शाळेत घेतली. अकरा शिक्षिकांपैकी नऊ जणींना घेतलं नाही. चषकांचं कपाट शाळेच्या शिपायाने, साहेबांच्या सांगण्यावरून, उकिरड्यावर नेऊन टाकलं.’

बाईंनी खुशीत समासात दोन ठिकाणी ‘उत्तम’ लिहिलं. मग पाचवं पान उलटलं.

‘त्या वसंतात माझ्या आजीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तिच्या शिकवण्याविषयी एक टिपण लिहिण्यात आलं. टिपणाखाली सही नाही. आजीने त्याची प्रत बायबलमध्ये जपून ठेवली आहे. त्यात म्हटलं आहे : मुलांवर माया आहे. अक्षर सुंदर आहे. अशुद्ध बोली वापरली जाते असे आढळून आले. नव्या शाळेच्या दृष्टीने सुधारणेस वाव आहे.’

भांड्यावरचं झाकण थडथडायला लागलं होतं. बाईंनी उठून आच कमी केली.

तेव्हा त्या कथ्रेल नव्हत्या, नुसत्या व्हर्नेटा होत्या. तेवीस वर्षांच्या, कॉलेजातून आलेल्या, हॅरो क्रीकमधल्या सगळ्यांत लहान शिक्षिका. हॅस्केटने कचेरीत बोलावलं, पेपरमिंटच्या गोळ्यांचं काचेचं भांडं पुढे केलं. नव्या शाळेत इंग्रजीची एक जागा आहे, असं गोळी देता देता म्हणाला. एकच. मग म्हणाला, तू हुशार आहेस, शिकलेली आहेस, या जुन्या बायकांना तुझी मदत होईल. प्रत्येकीच्या वर्गात तासभर मागे बस आणि लिही. दोन चांगल्या गोष्टी, एक सुधारणा. नव्या शाळेत जायच्या आधी त्यांना तयारी करता येईल.

आयडेला ब्रॉडनॅक्सच्या, म्हणजे केझायाच्या आजीच्या, वर्गात व्हर्नेटा स्वतः आठ वर्षांची असताना वाचायला शिकली होती. त्या दिवशी त्याच वर्गात, ‘तुमच्याकडून शिकायला आलेय’ असं सांगून, आपल्या जुन्या बाकावर गुडघे न मावता बसून तिने अपूर्णांकांचा तास ऐकला. “आरं, आईनं मक्याच्या पावाचं आठ तुकडं केलं. दोन तू खाल्लंस. एक कुत्र्यानं पळवला. आता सांग, मागं काय ऱ्हायलं तुझ्या भनीला?” पोरं हसत होती आणि हसता हसता बरोबर उत्तर देत होती. इतका चांगला तास व्हर्नेटाने कॉलेजातही पाहिला नव्हता. तिने दोन चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि तिसरा रकाना रिकामा ठेवला.

हॅस्केटने कागद एका बोटाने परत ढकलला होता. “रिकामी जागा वाईट दिसते, व्हर्नेटा. कोणात दोष नसतो असं असतं का?”

त्याने घाई केली नाही. पुढ्यातलं टपाल उघडत बसला. आणि व्हर्नेटाने लिहिलं. आपल्याला तेव्हा काही कळत नव्हतं, असं त्या पुढे स्वतःला पुष्कळदा सांगत आल्या. कळत होतं. एक जागा आणि अकरा बायका, यात न कळण्यासारखं काय होतं? लिहिताना वाक्य अशा बेताने केलं की त्यात कोणी ऐकलं, कोणाला खटकलं, काहीच दिसू नये. ‘आढळून आले.’ हॅस्केट वाचून म्हणाला होता, “वा. छान जमलं.” त्याच्या चिटणीस बाईने ते टाइप केलं.

दहा जणींवर दहा टिपणं. एकीला ग्रंथालयात ढकललं, नऊ जणींना घरी बसवलं. त्यातल्या सात आता वारल्या, एक मुलीकडे बाल्टिमोरला असते. आयडेला ब्रॉडनॅक्स घरी बसली नाही. घरात चार पोरं होती, बसून भागणार नव्हतं. तिने त्याच नव्या शाळेच्या भटारखान्यात काम धरलं आणि केसांवर जाळी बांधून एकोणीस वर्षं मुलांना वाढलं. रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कथ्रेलबाई रांगेत ताट घेऊन उभ्या राहायच्या. लहानपणी ‘व्हर्नेटा, नाक पूस’ म्हणणारी बाई पोरांसमोर म्हणायची, “घ्या, मिस कथ्रेल,” आणि पळीभर घेवडा ताटात घालायची. इतरांना जेवढा तेवढाच, ना जास्त ना कमी. तिला ठाऊक असतं तर पळी एखाद्या दिवशी तरी हलली असती, असं मानून कथ्रेलबाई ती एकोणीस वर्षं जेवल्या होत्या.

त्या टेबलाशी परत येऊन बसल्या. पेन्सिल ‘लिहिण्यात आलं’ या शब्दांखाली टेकवली. हिरवा ठिपका उमटला. पोरीकडून हे एक वाक्य सुटलं असणार, त्यांनी मनाशी म्हटलं. पाच पानं सुधारता सुधारता एखादं निसटतं. आणि रेघ मारली की ती घरी जाऊन आजीला विचारणार, कोणी?

बाईंनी तो ठिपका रबराने खोडला. वर, कुठल्याशा निरुपद्रवी ओळीत, एक स्वल्पविराम घातला आणि पानाच्या खाली लिहिलं, ‘हा भाग फार प्रभावी झाला आहे. काही बदलू नये.’

सोमवारी शाळा सुटल्यावर केझायाने निबंध हातात घेतला आणि पहिली चार पानं न बघता पाचवं काढलं. नजर वरून खाली गेली, परत वर आली.

“इथे काही नाही, बाई?”

“काय नाही?”

“रेघ.”

“ते वाक्य बरं आहे तसं.” बाई टेबलावरचे खडू गोळा करू लागल्या. “कधी कधी तो प्रयोग शोभून दिसतो. नियम म्हणजे काही देवाचं वाक्य नव्हे.”

पंचवीस वर्षांत हे त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते दुसऱ्याच कोणी बोलल्यासारखं वाटलं. केझायाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग पानं नीट जुळवून वहीत घातली.

“बरं, बाई,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी कथ्रेलबाईंनी शिफारसपत्र लिहायला घेतलं. आजवर शंभर पत्रं लिहिली असतील, पण असं पत्र त्यांच्या हातून उतरलं नव्हतं. कुठे हातचं राखलं नाही. ही मुलगी सत्याच्या मागे शेवटपर्यंत जाते, असं एक वाक्य लिहिलं आणि त्याच्यावर थोडा वेळ हात ठेवून बसल्या. गुरुवारी स्वतः टपाल कचेरीत गेल्या आणि पोचपावतीसह पाकीट टाकलं. परत येताना त्यांना हलकं वाटत होतं. काहीतरी फेडल्यासारखं वाटत होतं, आणि असं वाटण्याची त्यांना लाजही वाटली नाही.

फेब्रुवारीच्या चौथ्या रविवारी चर्च भरून गेलं होतं. माउंट गिलियड या त्यांच्या चर्चमध्ये त्या दिवशी प्रवचन आखूड करून मुलांना बोलू देतात. लहान पोरांनी पाठ केलेली चार-चार वाक्यं म्हटली, एक रडलं, एकाला मधेच शू लागली. मग रेव्हरंडनी केझायाला बोलावलं.

ती न घाबरता वाचत होती. शेगडीच्या भांडणापाशी लोक खळखळून हसले. नऊ जणींची नावं आली तेव्हा ज्यांच्या बाकांचा उल्लेख झाला त्या बाकांकडे माना वळल्या. पाच सभासदांची नावं वाचताना मागून एक म्हातारा प्रत्येक नावाला ‘हं’ म्हणत होता. मैदानवाल्याच्या नावाला तो ‘हं’ जरा लांबला. “सांग, बाळ, सांग,” बायका पंखे हलवत म्हणत होत्या.

कथ्रेलबाई पाचव्या पानाची वाट बघत होत्या. दोन रांगा पुढे आयडेला ब्रॉडनॅक्सची जांभळी हॅट दिसत होती, अजिबात न हलणारी.

‘मागच्या बाकावर बसून तिच्या शिकवण्याविषयी एक टिपण लिहिण्यात आलं,’ केझायाने वाचलं. जसं होतं तसं. मग टिपण वाचलं. ‘अशुद्ध बोली’ या शब्दांना चर्चभर एक हुंकार उठला, दुखल्यासारखा. पोरगी पुढे गेली, भटारखान्याविषयी वाचलं, शेवट केला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कथ्रेलबाईही उभ्या राहिल्या.

चर्चच्या तळघरातल्या जेवणघरात त्यांना पाच पावलं टाकायलाही वेळ लागला. जो तो थांबवून, चर्चच्या रीतीप्रमाणे ‘सिस्टर’ म्हणत, हात हातात घेत होता. “सिस्टर कथ्रेल, पोर तुम्ही घडवलीत.” “पेन्सिल तुमची, बाई, दिसतंय आम्हाला.” त्या ‘नाही हो, तिचीच मेहनत’ म्हणत ताटात तळलेली कोंबडी आणि पाल्याची भाजी घेऊन पुढे सरकल्या. आयडेला कोपऱ्यातल्या टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या. आज काहीतरी बोलावं, असं कथ्रेलबाईंच्या मनात आलं होतं. काय, ते ठरत नव्हतं. या बाईला सगळं ठाऊक असेल आणि तिने आपल्याला माफ केलं असेल, असंही पहिल्यांदाच वाटत होतं.

“मिस आयडेला, बसू का?”

“बस की.”

शेजारच्या टेबलावर चर्चचा कारभार बघणारे डीकन लॉनी स्पाइट कोंबडीचं हाड बाजूला ठेवून तावातावाने बोलत होते. तंबाखूची शेती करणारा माणूस, आवाज शेतातलाच.

“मी म्हणतो, मागच्या बाकावर बसलं कोण?”

“हॅस्केट बसला असेल,” कोणी तरी म्हणालं.

“हॅस्केट? जन्मात त्याने आपल्या शाळेचा उंबरा ओलांडला नाही. मोटारीतून हॉर्न वाजवायचा आणि मुख्याध्यापकांना बाहेर बोलवायचा. गोरा माणूस पोरांच्या बाकावर तासभर बसला असता तर गावभर झालं असतं. आपल्यातलंच होतं कुणीतरी, लिहून ठेवा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.” मग त्यांची नजर इकडे वळली. “अहो, सिस्टर कथ्रेल, तुम्ही तर तेव्हा तिथेच शिकवत होता. कोण होतं?”

टेबलावरचे चार-पाच चेहरे कथ्रेलबाईंकडे वळले. सगळे आपुलकीचे चेहरे. कोणाच्या मनात काही नव्हतं.

“फार दिवस झाले, डीकन,” बाई म्हणाल्या. “आठवत नाही आता.”

“खरंय, खरंय. पंचवीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली? पण मी शोधणार.” डीकन परत आपल्या टेबलाकडे वळले.

आयडेला ब्रॉडनॅक्सने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला, पाल्याच्या रसात बुडवला आणि सावकाश खाल्ला. मग हात रुमालाला पुसले.

“पोरीचं पत्र पोचलं का गं, व्हर्नेटा?”

“हो, मिस आयडेला. मागच्या आठवड्यात पोचपावतीही आली. मी फार चांगलं लिहिलंय.”

“पोरगी म्हनली तसं. पर तुझ्या तोंडून ऐकायचं हुतं.” त्या थोड्या पुढे झुकल्या. आवाज अगदी रोजचा, ताट पुढे करताना असायचा तसा. “पोरीनं नाव कवाच घातलं हुतं. पहिल्या दिशीच. म्याच काढाय लावलं. तिला म्हनलं, कळ काढ, पोरी. तुझं पत्र तिच्या हातात हाय. तिच्या हातचा कागद काय करतो, ते म्या एकदा बघितलंय.”

कथ्रेलबाईंनी काटा ताटात ठेवला. म्हणजे माफी नव्हती ती. या दोघींनी इतके दिवस त्यांना घाबरून काढले होते. एक म्हातारी आणि एक पोर, वाक्य गिळून, पत्र जायची वाट बघत, जसं त्या स्वतः कधी हॅस्केटच्या टेबलासमोर बसल्या होत्या. आपण कोणाला असे वाटू शकतो, हे बाईंच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“मिस आयडेला, मी तेव्हा...”

“ठावं हाय मला. तवा तू पोर हुतीस, एकच जागा हुती. तेवढं म्या कवाच सोडून दिलं.” आयडेलांनी मान डीकनच्या टेबलाकडे वळवली. “आत्ता त्या लॉनीनं इचारलं तवा तू पोर नव्हतीस. आत्ता सांगितलं असतंस, तर मी पोरीला म्हनले असते, ऱ्हाऊ दे.”

त्यांनी हात वर करून केझायाला खूण केली. ती पलीकडे मैत्रिणींच्यात उभी होती. हातातला सरबताचा पेला ठेवून आली.

“पत्र गेलंय,” आजीने सांगितलं.

केझायाने फाइलमधून एक पान काढलं. नवीन टाइप केलेलं होतं. तिने ते आजीपुढे नाही, बाईंपुढे ठेवलं, ताटापासून लांब, रस लागू नये अशा बेताने.

“निबंध उद्या काउंटीला द्यायचाय, बाई. पाचवं पान परत लिहिलंय. एकदा बघता?”

तिच्या आवाजात खोच नव्हती. वर्गात विचारायची तसंच विचारलं होतं तिने. कथ्रेलबाईंनी चष्मा लावला. ‘त्या वसंतात व्हर्नेटा कथ्रेल या तरुण शिक्षिका माझ्या आजीच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या. त्यांनी आजीच्या शिकवण्याविषयी एक टिपण लिहिलं. त्याखाली त्यांनी सही केली नाही.’ पुढे टिपण होतं. पुढे भटारखाना होता. शिवी नव्हती, टोमणा नव्हता, एक विशेषण जास्तीचं नव्हतं. बाईंनी वाक्यं दुसऱ्यांदा वाचली. कुठे काळ चुकला आहे का, कुठे शब्द जास्त झाला आहे का, हे त्या खरोखरच शोधत होत्या. फक्त ‘कथ्रेल’ हे लग्नानंतरचं नाव होतं. त्यांनी तेवढ्यावर बोट ठेवलं.

“तेव्हा मी पेल होते,” त्या म्हणाल्या. “व्हर्नेटा पेल.”

“पण मग लोकांना कळणार नाही, बाई.”

“नाही कळणार,” कथ्रेलबाई म्हणाल्या. बोट अजून त्या नावावर होतं. मग त्यांनी ते उचललं. “बरोबर आहे तुझं. तसंच ठेव.”

“बाकी काही सुधारायला हवंय?”

“नाही.”

“थँक यू, बाई.”

तिने पान उचललं, फुंकर घालून त्यावरचा पावाचा चुरा उडवला. डीकन स्पाइट पलीकडे अजून त्याच विषयावर होते. मुख्याध्यापक होते की ग्रंथालयातली बाई, यावर दोघांशी वाद घालत होते. केझाया पान घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेली आणि ते बोलायचे थांबेपर्यंत शेजारी उभी राहिली.